तबलजी पाहिजे

डोंबिवलीत गाणारा माणूस शोधावा लागत नाही. सोसायटीत सत्यनारायण असला की प्रसादाचा द्रोण हातात पडेपर्यंत कोणीतरी कोणाला तरी विचारतं, "अहो, तुम्ही म्हणे गाता?" ज्याला विचारलं तो "छे हो, आता कुठलं, घसा धरलाय" असं म्हणत खिशातून वही काढतो. हल्ली वहीच्या जागी मोबाइल आलाय आणि त्यात कराओकेचे ट्रॅक भरून ठेवलेले असतात, एवढाच फरक. मोटारी लावण्याच्या जागेवरून सोसायटीत वर्षभर जेवढी भांडणं होतात, तेवढी कोजागिरीच्या एका रात्रीत "आधी कोण गाणार" यावरून होतात. दूध आटतं, गायक आटत नाहीत.

तबलजी मात्र मिळत नाही.

याला कारण आहे. गायला घसा लागतो, तो जन्मापासून घरातच असतो. तबला वाजवायला तबला लागतो आणि तो घरात कोणी ठेवू देत नाही. शिवाय गाण्यात थोडं कमी-जास्त खपून जातं. स्वर जरा खाली लागला तर "आवाजात दर्द आहे" म्हणणारी माणसं आपल्याकडे मुबलक आहेत. तबलजी अर्ध्या मात्रेने घसरला तर मांडीवरचं पोरसुद्धा मान वर करून बघतं. एवढी जोखीम घेऊन वर अंधारात डावीकडे बसायचं, आणि टाळ्या मधल्या माणसाला. कोण जाईल या धंद्यात?

म्हणून जो तबलजी आहे तो एकाच वेळी पाच-सहा ग्रुपांचा असतो. शनिवारी ठाण्याला भावगीतं, रविवारी सकाळी कल्याणला अभंग, संध्याकाळी मुलुंडला जुनी हिंदी गाणी. त्याला फोन केला की तो "बघतो" म्हणतो. नुसतं "बघतो" म्हणाला तरी ग्रुपात पेढे वाटावेसे वाटतात. गायकांना एकमेकांची नावं घेऊन "अरे, तू" असं म्हणायची सवय असते. तबलजीला मात्र सगळे "पंडितजी" म्हणतात, मग तो दिवसा विजेच्या बिलांची तपासणी का करत असेना.

आमचे पंडितजी बदलापूरहून येतात. आले की आधी पाणी, मग चहा, मग पिशवीतून चुंबळी, मग डग्गा, मग तबला, आणि सगळ्यांत शेवटी ती छोटी हातोडी. त्यानंतर जे चालतं त्याला ते "लावणं" म्हणतात. गजऱ्यावर वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. गट्टे सरकवले की आणखी वेगळा होतो. पावसाळ्यात पुडी ओल धरते, म्हणजे आत्ता लावलेला तबला चहाचा दुसरा कप संपेपर्यंत उतरतो, की पुन्हा ठोकाठोकी. एका रविवारी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले आणि सुट्टीच्या दिवशी फर्निचरचं काम करायची परवानगी कमिटीने दिली आहे का, असं अत्यंत सभ्यपणे विचारून गेले.

ठोकाठोकी सुरू करण्यापूर्वी पंडितजी एक प्रश्न विचारतात, "पट्टी कुठली?" इतक्या साध्या प्रश्नावर आमचा ग्रुप फुटायची वेळ अनेकदा आलेली आहे.

पुरुषांची पट्टी बहुधा पांढरी एक ते काळी दोन या पट्ट्यात असते. बायकांची काळी चार किंवा पाच. मधलं अंतर साधारण षड्जापासून पंचमापर्यंतचं. तबला एका पट्टीचा असतो, त्याला ओढून-ताणून स्वरभर इकडेतिकडे नेता येतं, फार झालं तर थोडं आणखी. वरच्या पट्टीच्या तबल्याचं तोंड लहान, खालच्या पट्टीचं मोठं, म्हणून पट्टीचे तबलजी दोन-तीन तबले बाळगतात. पण बदलापूर लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळते ती एका तबल्याच्या मापाने. तेव्हा आमच्याकडे एकच तबला, काळी चारचा, आणि गाणारे दोन्ही बाजूंचे.

पण पंडितजींनी यातून मार्ग काढला. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा पंचम बरोबर काळी चारला येतो. म्हणजे काळी चारमध्ये गाणाऱ्या आमच्या ताईंसाठी षड्जात लावलेला तबला आमच्या बँकेतून निवृत्त झालेल्या बुवांना पंचमात चालून जातो. तबल्याला हातही न लावता दोघांनाही वाटत राहतं की तो खास आपल्यासाठी लावलाय. आमच्या ग्रुपात आजवर टिकलेला हा एकमेव समझोता.

तोही बुवा काळी एकवर राहिले तर. पट्टी हा पुरुषांच्या अभिमानाचा विषय आहे. बुवांना रफीची गाणी रफीच्याच पट्टीत गायची असतात. अंतऱ्यात वरचा स्वर जवळ आला की ते डोळे मिटतात, मान मागे टाकतात आणि माइक हळूहळू तोंडापासून लांब नेतात. श्रोत्यांना ती भावना वाटते. खरं तर तिथे स्वर लागलेला नसतो आणि माइक हा त्या गोष्टीचा एकमेव साक्षीदार असतो, म्हणून त्याला दूर करायचं. यावर कीबोर्डवाल्याकडे इलाज आहे. त्याच्या वाद्याला ट्रान्सपोजचं बटण असतं. बुवा डोळे मिटून उभे राहिले की तो ते बटण गुपचूप दोनदा खाली दाबून ठेवतो आणि मग सूर देतो. एकदा असं झालं तेव्हा बुवा घरी जाताना सगळ्यांना सांगत होते, "मूळ पट्टीत गायलो बरं का." पंडितजी मात्र संतापले होते, कारण अख्ख्या गाण्यात बेसूर ठरला तो त्यांचा तबला.

पेटीवाले काका कीबोर्डवाल्याला वादक मानत नाहीत. त्यांच्या मते बटण दाबून पट्टी बदलणारा माणूस विजेचं सामान विकणारा. काकांचा स्वभाव समजून घ्यायचा तर थोडा इतिहास ठाऊक हवा. पेटी परदेशी आहे, तिच्यातून मींड निघत नाही, आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत, असे आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली. ती उठायला १९७१ साल उजाडलं. काकांचा जन्म या बंदीच्या काळातला. त्या तीस वर्षांची भरपाई ते एकट्याने करताहेत. गायक श्वास घ्यायला थांबला की काका आत शिरतात. एकदा शिरले की गायकाला परत यायला जागा उरत नाही, तो दारात उभ्या पाहुण्यासारखा तोंड उघडून थांबतो. साथीला बसल्यावर गोविंदराव टेंब्यांचं स्मरण करायची काकांची पद्धत आहे. टेंबे भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ करायचे आणि त्यांनीच १९११ साली 'मानापमान'ला चाली दिल्या. काकांच्या लक्षात यातला दुसरा भागच राहिलाय. साथ कोणी केली हे ते विसरलेत, चाली कोणी दिल्या हे मात्र दर तालमीला ऐकवतात, कारण त्यांच्या स्वतःच्या काही चाली तयार आहेत.

ग्रुपात तरुण रक्त हवं म्हणून आम्ही वांद्र्याचा एक गिटारवाला मुलगा आणला. पोरगा गुणी. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "काका, स्केल काय?"

"काळी चार."

तो गप्प. त्याच्या गिटारला काळी-पांढरी काहीच नव्हती. कीबोर्डवाल्याने दुभाष्याचं काम केलं, "जी शार्प." मुलाने खिशातून एक चिमटा काढून गिटारच्या पहिल्या पडद्यावर लावला आणि क्षणात वाजवायला लागला. "आधी सांगायचं ना काका," म्हणाला. पंडितजी त्या चिमट्याकडे बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर हातोडी मारून जे साधलं नाही ते या पोराने कपडे वाळत घालायच्या बेताच्या चिमट्याने साधलं होतं.

पुढे ताल आला. "फोर-फोर?" मुलाने विचारलं. "केरवा," पंडितजी म्हणाले. दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांनाही समोरचा अडाणी वाटला. केरव्यावर निभावलं, कारण त्याच्या आठ मात्रा चारात बसतात. मग निघालं रूपकातलं गाणं. रूपकाच्या मात्रा सात, आणि त्याची सम पडते ती खालीवर. म्हणजे जिथे सगळ्यांनी एकत्र यायचं, नेमका तिथेच ठोका बोथट. मुलगा दोन आवर्तनं ऐकत राहिला आणि मग त्याने विचारलं, "वन कुठे आहे?"

"खाली," पंडितजी म्हणाले.

त्याने सतरंजीकडे पाहिलं.

त्या मुलाची एक मागणी मात्र अगदी रास्त होती. त्याला कागद हवा होता. गोव्यात चर्चच्या शाळांमधून स्टाफ नोटेशन वाचायला शिकलेले वादक मुंबईला आले आणि हिंदी सिनेमाच्या संगीताचा अर्धा संसार त्यांनी उभा केला. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावं. प्यारेलाल हे गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव गाण्यातून घराघरांत पोहोचलं. भल्या मोठ्या ताफ्यातली माणसं एका इशाऱ्यावर सुरू व्हायची आणि एका इशाऱ्यावर थांबायची, कारण प्रत्येकापुढे काय वाजवायचं ते लिहिलेला कागद असायचा. आमच्यात माणसं सहा आणि कागद एकही नाही. आहे ती बुवांची वही. तिच्यात गाण्याचे शब्द आहेत आणि समासात लाल शाईने "इथे हसणे", "इथे डोळे मिटणे" अशा सूचना आहेत. त्यावरून गिटार कशी वाजवणार?

तरीही सांगतो, सूर, ताल, पट्टी यांवरून कुठलाच हौशी ग्रुप मोडत नाही. ते सगळं हातोडीने, बटणाने, चिमट्याने जुळवता येतं. जुळत नाही ती हौस. प्रत्येकाच्या हौसेचं माप निराळं. बुवांना वर्षातून एकदा तरी सावित्रीबाई फुले नाट्यगृहाच्या मंचावर उभं राहायचंय, तेही जावई पहिल्या रांगेत असताना. ताई गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत पोहोचल्यात, त्यांना दुसऱ्यांचं चुकलेलं दुरुस्त करण्यात गाण्यापेक्षा जास्त आनंद मिळतो. काकांना चाली ऐकवायच्यात. गिटारवाल्याला व्हिडिओ टाकायचाय. कीबोर्डवाल्याला रविवारी दुपारी घराबाहेर राहायला कारण हवंय, आणि मला विचाराल तर आमच्या सगळ्यांत प्रामाणिक हेतू त्याचाच. एकाच सतरंजीवर बसलेली ही माणसं सहा वेगवेगळ्या गावांना निघालेली असतात. "आपल्याला कुठे जायचंय" हे कोणी कोणाला विचारत नाही, कारण विचारलं तर त्याच दिवशी ग्रुप संपेल.

याचा प्रत्यय गाण्यांची यादी करताना येतो. दोन तासांच्या कार्यक्रमात निवेदकाने दया दाखवली तर वीस गाणी होतात. यादीत साठ निघतात. दुसऱ्याचं गाणं "प्रेक्षकांना जड जाईल" म्हणून गळतं आणि आपलं गाणं "वेगळं म्हणून हवंच" म्हणून राहतं. द्वंद्वगीतं सगळ्यांना हवी असतात, पण दुसरा आवाज व्हायला कोणी तयार नसतो. कोरससाठी तर हात जोडून विनवणी करावी लागते. "मागे उभं राहून नुसतं आऽ आऽ करायला मी यायचं का?" असा सवाल ज्यांनी केला त्यांचा आवाज "आऽ आऽ" यापलीकडे ऐकवत नाही, हे सांगणार कोण?

खुळखुळ्याची तीच गत. जुन्या गाण्यांना तो लागतोच. पण खुळखुळा हा सोसायटीच्या सेक्रेटरीपदासारखा असतो, कोणीतरी असावा असं सगळ्यांचं मत आणि आपण नसावं असाही सगळ्यांचा आग्रह. आमच्यात तो माझ्याकडे आला. लेखक माणूस, याला तसंही काही येत नाही, असा युक्तिवाद झाला. मी तो खालमानेने स्वीकारला, कारण जगातल्या सगळ्यांत गाजलेल्या बँडमध्येही हेच घडलं होतं. बीटल्समधला बेस वाजवणारा स्टुअर्ट सटक्लिफ १९६१ साली हॅम्बुर्गला बँड सोडून गेला, तेव्हा उरलेल्यांपैकी कोणालाच बेस नको होता. शेवटी तो पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडला. मॅकार्टनीने पुढे त्या वाद्याचं सोनं केलं. खुळखुळ्याचं सोनं करायला थोडा वेळ लागेल, पण परंपरा तीच.

आता तालमीची वेळ. रविवार ठरतो, कारण दुसरा वारच नसतो. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. पंडितजी बदलापूरला अडकतात, कीबोर्डवाला मुलुंडला, आणि गिटारवाल्याला तर वांद्र्याहून निघून दादरला गाडी बदलायची असल्यामुळे तो दोन्ही रेल्वेंच्या तडाख्यात सापडतो. घटक चाचण्या, लग्नसराई, गौरी-गणपती, श्रावणातले अभंगांचे कार्यक्रम आणि ताईंच्या नणंदेची पन्नाशी यांतून उरलेल्या रविवारी बुवांचा घसा बसलेला असतो. ग्रुपवर "कोण कोण येणार?" असं विचारलं की सगळे अंगठा दाखवतात. हा अंगठा होकाराचा की ठेंगा, ते रविवारीच कळतं. ग्रुपचं नाव ठरवताना मात्र शंभर टक्के उपस्थिती होती. स्वर, सूर, गंध, धारा, संध्या आणि आनंद हे सहा शब्द फिरवून फिरवून जेवढी नावं होतात, तेवढी सगळी ठाणे जिल्ह्यात आधीच घेतलेली निघाली.

एवढ्या खटाटोपातून कार्यक्रम उभा राहतोच, ही ईश्वराची लीला. ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन असतो, प्रेक्षक दयाळू असतात आणि निवेदक दोन गाण्यांमध्ये एवढं बोलतो की गाणी कमी वाटतात. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याला प्रत्येक जण जाऊन कानात सांगतो, "माझा जरा वाढव." तो मान डोलावतो आणि कुठल्याच बटणाला हात लावत नाही. त्या सभागृहात जुळवून घेण्याची कला त्या एकालाच अवगत असते. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवायचा कायदा आहे आणि शेवटची भैरवी कोण गाणार हा वाद पावणेदहाला सुरू झालेला असतो, त्यामुळे तो कायदाच सोडवतो.

मग जमतं तरी कोणाचं? ज्या गाडीच्या नावाने आम्ही खडे फोडतो, तिच्यातच याचं उत्तर रोज सकाळी वाजत-गाजत जात असतं. लोकलमधली भजनी मंडळं बघा. ठरलेली गाडी, ठरलेला डबा. एकाच्या पिशवीत टाळ असतात, बाकीच्यांना डब्याचा पत्रा पुरतो. पट्टी कोणी विचारत नाही. सुरुवात करणाऱ्याने जी लावली ती सगळ्यांची. एक जण चरण म्हणतो, उरलेला डबा मागे म्हणतो, पुढच्या अभंगाला दुसरा कोणीतरी पुढे होतो आणि आधीचा बुवा मुकाट्याने टाळ धरतो. त्यांच्यात कोणी विशारद नाही आणि जावई पहिल्या रांगेत नाही. तालीम चुकत नाही, कारण गाडी कोणासाठी थांबत नाही. त्यांनी एकमेकांना पारखून निवडलेलंही नसतं. वेळापत्रकाने जी माणसं एका डब्यात कोंबली, त्यांच्याशी त्यांनी जमवून घेतलं.

पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांचंही असंच आहे. गणपतीच्या आधी नदीपात्रात डझनावारी माणसं कंबरेला ढोल बांधून सराव करतात आणि त्यांचं जमतं, कारण सगळे ढोलवाले एकच वाजवतात. एकाने मधेच "माझा ढोल जरा वाढवा" असं म्हणून दाखवावं.

उत्तम साथ मिळवायचा आणखी एक मार्ग आहे, तो बालगंधर्वांचा. त्यांनी तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष अशी माणसं कंपनीत आणून बसवली. पण त्यांना पगार होता. आमच्याकडे बटाटेवडा आहे. वड्यावर थिरकवा येत नाहीत.

म्हणून माझं मत असं, की हौशी गवयाने साथीदार शोधायला निघण्यापूर्वी आरशापुढे उभं राहून स्वतःला विचारावं : मी कोणाची साथ करतो? आपल्याकडे साथ हवी असलेले घरटी एक आहेत, करणारे स्टेशनगणिक एक. हा हिशोब जुळेपर्यंत कुठल्याही ग्रुपात बसा, सूर लागतील, माणसं लागणार नाहीत. घरात गाणारी मुलं असतील तर त्यांतल्या एकाला तरी तबल्याच्या क्लासला घाला. शेजाऱ्यांकडे मी बघतो.

आणि जाता जाता एक निवेदन. आमच्या पंडितजींना कल्याणच्या ग्रुपने फितवलं आहे, तेव्हा तबलजी पाहिजे. सरळ ठेका धरता आला की पुरे, तिहाया आल्या नाहीत तर दुधात साखर. स्वतःचा डग्गा असावा. रिक्षाभाडं, चहा आणि दोन वडे आमच्याकडून. पट्टीची अट नाही, तीन चिमटे विकत घेऊन ठेवलेत. गायकांनी कृपया संपर्क साधू नये.